अपाचेचं सी प्लस प्लस मॉड्यूल बिल्ड होतं पण लोड होत नाही? लिंकिंग असं करा

अपाचे या वेब सर्व्हरचं डेव्हलपमेंट पॅकेज टाकलंय, एपीएक्सएस (अपाचेची मॉड्यूल बनवायचं टूल) चालतंय, कोड तयार आहे, एवढं धरून चालतो. आधी जी प्लस प्लस या सी प्लस प्लस कंपायलरने पीआयसी फ्लॅग (त्याने मेमरीत कुठेही चालणारा कोड बनतो) लावून ऑब्जेक्ट फाइल्स बनवा, झालं.

खरी गोची लिंक करताना, म्हणजे त्या फाइल्स जोडून एक मॉड्यूल बनवताना, होते. एपीएक्सएस सहसा सी कंपायलरनेच लिंक करतं, त्यामुळे सी प्लस प्लसची स्टँडर्ड लायब्ररी आपोआप जोडलीच जात नाही, आणि डॉट एसओ, म्हणजे मॉड्यूलची फाइल, बनवताना एखादा सिंबॉल (फंक्शनचं किंवा व्हेरिएबलचं नाव) सापडला नाही तरी लिंकर हूं की चूं करत नाही, लोड होताना कोणीतरी देईल असं तो धरून चालतो. बिल्ड एकदम स्वच्छ, आणि सर्व्हर सुरू केला की 'अनडिफाइन्ड सिंबॉल', पुढे जीएक्सएक्स पर्सनॅलिटी असलं काहीतरी नाव. हे नाव दिसलं की कोडमध्ये बग शोधत बसू नका, लायब्ररी राहिलीय.

माझं ठाम मत, लिंकही जी प्लस प्लसनेच करा, शेअर्ड फ्लॅग लावून. हेडरचे पाथ आणि फ्लॅग तेवढे एपीएक्सएसला क्यू ऑप्शनने विचारा. सी कंपायलरच वापरायचा असेल तर सी प्लस प्लसच्या लायब्ररीचा फ्लॅग ऑब्जेक्ट फाइल्सच्या नंतर द्या, आधी दिलात तर उबुंटूवरचा लिंकर 'कोणालाच लागत नाही' म्हणून ती सरळ गाळतो आणि तुम्ही डोकं धरून बसता की फ्लॅग तर दिलाय!

मग तयार फाइलवर एलडीडी, म्हणजे फाइलला कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणारं टूल, आर ऑप्शनने चालवा. एपी किंवा एपीआरने सुरू होणारे सिंबॉल गायब दिसतील, ते सर्व्हर स्वतः पुरवतो, सोडून द्या. बाकी एकही नाव दिसता कामा नये.

'जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.२१ नॉट फाउंड' (हे सी प्लस प्लसच्या लायब्ररीचं व्हर्जन) आलं तर मॉड्यूल जीसीसी (जी प्लस प्लस ज्यात येतो तो कंपायलर संच) ५ किंवा त्यानंतरच्या व्हर्जनवर बनलंय आणि सर्व्हरवरची लायब्ररी जुनी आहे. यावर दुसऱ्या मशीनवरून लायब्ररी उचलून सिस्टिम फोल्डरमध्ये टाका असा सल्ला सर्रास मिळतो, कृपा करून ऐकू नका, त्या मशीनवरचे बाकीचे प्रोग्रामही तीच फाइल वापरतात. सर्व्हरवर जी ओएस आहे त्याच व्हर्जनवर पुन्हा बिल्ड करा. अपाचेच्या कॉन्फिगमधल्या लोडफाइल डिरेक्टिव्हने लायब्ररी आधी चढवता येते पण ती तात्पुरती मलमपट्टी, कॉन्फिग बदलली की पुन्हा तेच.

इन्स्टॉल केल्यावर रीस्टार्टच्या आधी कॉन्फिगटेस्ट (अपाचेची कॉन्फिग तपासणारी कमांड) चालवा, त्यात मॉड्यूल खरोखर लोड होतं, त्यामुळे काही राहिलं असेल तर चालू साइट बंद न पडता तिथेच कळतं.