आमदारांकडे निवेदन घेऊन जाण्यापूर्वी

गेल्या खेपेस आमच्या मच्छीमार सोसायटीचे एकशे चाळीस सह्यांचे निवेदन एका लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात दिले गेले, फोटो निघाले, चहा झाला, आणि तीन महिन्यांनी चौकशी केली तेव्हा असे निवेदन आलेच नसल्याचे उत्तर मिळाले. आमच्याकडे पोच नव्हती आणि पोच घेण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणून यंदा पर्ससीनच्या, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या, तक्रारीसाठी जे जाणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहून ठेवत आहे.

कोणाकडे जायचे हे आधी ठरवावे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली येते, म्हणून ती तक्रार आमदारांची. त्यापलीकडचे पाणी केंद्राचे, म्हणून ती खासदारांची. दोन्ही तक्रारी एकाच कागदावर लिहिल्या की दोघांनाही एकमेकांकडे बोट दाखवता येते.

वेळेचे गणित बहुतेक वेळा चुकते. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारी बंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि पावसाळी अधिवेशन साधारण त्याच दिवसांत मुंबईत भरते, त्यामुळे आपल्याला सवड असते. परंतु तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो, अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो, म्हणून भेट मे महिन्यातच, धंदा चालू असताना, एक दिवस मोडून घ्यावी. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर भिस्त ठेवू नये, कारण ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा ठरलेला आहे आणि नागपुरात चर्चा होईपर्यंत तो संपत आलेला असतो.

निवेदन एका पानाचे आणि एका मागणीचे असावे. निर्बंध कागदावर आहेतच, अडले आहे ते अंमलबजावणीत; म्हणून "पर्ससीन बंद करा" असे मोघम न लिहिता, आपल्या जिल्ह्यात वर्षभरात किती नौका पकडल्या, किती दंड ठोठावला आणि त्यातला किती वसूल झाला, हे मंत्र्यांना सभागृहात विचारावे, अशी विनंती करावी. जुना मसुदा उतरवू नये: १९८१ च्या अधिनियमात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ही दंडाची प्रकरणे तहसीलदारांकडे नसून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे चालतात, आणि आपल्या कागदावर अजून तहसीलदार दिसले की समोरचा माणूस बाकीचे वाचतच नाही.

पुरावा म्हणून रात्री मोबाईलवर काढलेले फोटो नेऊ नयेत; त्यांत काळ्या पडद्यावरच्या चार पांढऱ्या ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, वहीत केलेली नोंद अधिक उपयोगी पडते, आणि ती "१४ नोव्हेंबर, रात्री पावणेदोन, बारा वाव पाणी, एलईडी लावलेल्या तीन नौका" अशी असावी (एलईडी म्हणजे मासे ओढून घेण्यासाठी लावलेले प्रखर दिवे). शेजारी जीपीएसचे आकडे हवेत, कारण ती जागा बारा मैलांच्या आत होती हे त्यांवरूनच सिद्ध होते. ज्याने पाहिले तो तांडेल सोबत असावा, आणि बाजारात बसणारी एखादी मावशीही असावी, कारण बांगड्याची टोपली कशी रिकामी होत गेली हे ती आपल्या सर्वांपेक्षा नेमके सांगते.

आता पोच. निवेदनाच्या दोन प्रती न्याव्यात; मूळ प्रत त्यांना द्यावी आणि दुसरीवर कार्यालयाचा शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यावी. "साहेबांनी स्वतःच्या हाताने घेतले आहे, शिक्का कशाला" असे म्हटले जाईल, शिक्का कपाटात आहे आणि किल्ली नाही असेही म्हटले जाईल. तरी तिथेच बसावे. फोटो म्हणजे पोच नव्हे. व्हॉट्सअॅपवर आलेला अंगठा तर नव्हेच. साहेब गाडीत बसताना कागद त्यांच्या हाती दिला असेल, तर पुन्हा जिना चढून आवक नोंदवहीत नोंद करून घ्यावी, कारण आमचे नेमके तिथेच फसले.

पुढचे थोडक्यात सांगतो. पंधरा दिवसांनी फोन करावा आणि बोलण्याची सुरुवात आवक क्रमांकानेच करावी. प्रश्न लागला तर त्याचे लेखी उत्तर मागून घ्यावे. शाल-श्रीफळाचा खर्च करू नये. आणि आत शिरण्याआधी दुसरी प्रत कोणाच्या हातात आहे, हे दारातच एकदा विचारावे.