जुन्या ट्रॉम्बोनची सैल ट्यूनिंग स्लाइड आणि बिघडलेला तोल

जुना टेनर ट्रॉम्बोन (फुंकून वाजवायचे पितळी वाद्य) पुढे झुकतो आणि त्याची ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवण्यासाठी आत-बाहेर सरकवायची वळणदार नळी, आपोआप सरकते, या दोन तक्रारी पुष्कळदा जोडीने येतात. झुकण्यावर उपाय म्हणून बेलच्या, म्हणजे वाद्याच्या कर्ण्यासारख्या तोंडाच्या, मागच्या वळणावर वजन बसवले जाते. पण ते वळण म्हणजेच ट्यूनिंग स्लाइड असल्याने, ती सैल असताना वजन लावल्यास ती अधिकच घसरते. म्हणून आधी स्लाइड पक्की करावी आणि तोलाचे मग पाहावे. स्लाइड एक सेंटिमीटर बाहेर आली की तिच्या दोन्ही पायांमुळे (सरळ नळ्यांमुळे) हवेचा मार्ग दोन सेंटिमीटरने वाढतो आणि वाद्य अर्ध्या स्वराच्या जवळजवळ आठव्या हिश्श्याने उतरते, हे ध्यानात घेतले तर घाई का करू नये ते कळेल.

स्लाइड बाहेर काढून जुने ग्रीस पुसावे, पाय कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत. मग स्लाइड उलटी फिरवून एकेक पाय त्याच्याच नळीत घालून पाहावा. एक पाय घट्ट बसतो आणि दुसरा डुलतो, असे बऱ्याचदा आढळते. वर्षानुवर्षांच्या पॉलिशने आणि गंजाने धातू झिजलेला असतो. झीज थोडी असेल तर निर्जल लॅनोलिनचा (लोकरीतून मिळणाऱ्या चिकट ग्रीसचा) पातळ थर दोन्ही पायांवर लावून, फिरवत आत सरकवावा आणि बाहेर आलेले जादा पुसून घ्यावे. हे ग्रीस हाताच्या मुख्य स्लाइडला, म्हणजे वाजवताना स्वर बदलण्यासाठी पुढे-मागे करायच्या लांब नळीला, चुकूनही लावू नये. टेफ्लॉन टेप गुंडाळण्याचा मोह होतो, पण तिचे तुकडे सुटून आत जातात. पाय पकडीने दाबणे तर सर्वांत वाईट, कारण गोल नळी एकदा चपटली की गळती कायमची. ग्रीसने भागत नसेल तर वाद्यांच्या कारागिराकडून आतली नळी ताणून किंवा बाहेरची आवळून घ्यावी.

तोल तपासताना मुख्य स्लाइड आत घेऊन तिची कडी लावावी आणि डाव्या हाताच्या पकडीच्या जागी, एका बोटावर वाद्य पेलून पाहावे. पुढची बाजू खाली गेली तर कापडी पुरचुंडीत दहा रुपयांची नाणी घालून ती मागच्या वळणाला बांधावी. एक नाणे सुमारे पावणेआठ ग्रॅमचे, म्हणजे वीस नाण्यांचे दीडशे ग्रॅमच्या आसपास होतात. नाणी कमी-जास्त करत अर्धा तास वाजवावे. माझ्या मते अगदी समतोल साधण्याची गरज नाही. पुढचा किंचित भार डाव्या मनगटाला सोसतो, पण एकूण वजन वाढले की तेच मनगट तक्रार करते. ठरलेल्या वजनाचा स्क्रूने आवळायचा तुकडा वळणाच्या आडव्या दांडीवर, मध्ये चामड्याची पट्टी घालून बसवावा. घरी डाख देऊन (धातू वितळवून) ते जोडू नये. शेवटी मंद्र स्वर जोराने वाजवावेत. कुठे खरखर झाली तर स्क्रू ढिला आहे, असे समजावे.