सोलापुरी चादरीच्या फ्रेमला फुगे येत होते, ते असे गेले

जुन्या चादरीचा मोराचा तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवला, की वाळताना फुगे यायचे, कडेचं सूत सुटायचं. डिंक पातळ केला, वजन ठेवलं, इस्त्री फिरवली. नुसता वैताग!

ओल्या डिंकाने पुठ्ठा वाकतो, सुती कापड आक्रसतं. म्हणून पुठ्ठा सोडून पोकळ लाकडी चौकट घेतली.

चादर धुऊन, वाळवून उलट्या बाजूने इस्त्री करा. चौकटीपेक्षा चारी बाजूंनी 2 इंच जास्त धरून खूण करा. खुणेवर उलट्या बाजूने डिंकाची रेघ ओढा, पूर्ण वाळल्यावर त्या रेघेवरच कापा. मग स्टेपल गनने मागून पहिली पिन वरच्या कडेच्या मधोमध, दुसरी समोर खाली ताणून, नंतर डावी-उजवी. मधूनच कोपऱ्यांकडे सरका, समोरासमोर. कोपरे अगदी शेवटी दुमडा. विणीचे पट्टे कडेला समांतर राहताहेत ना, दर पिनेला बघा. तिरका मोर फार खुपतो.