पोट उडतंय म्हणजे काय: प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या पहिल्या वर्षाबद्दल

रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. एमबीबीएसनंतरची बंधपत्राची सेवा, रायगड जिल्ह्यात घाटाच्या पायथ्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र, ऑगस्टचा पाऊस आणि ओपीडीत शंभरावर माणसं. एका बाईनं कडेवरचं आठ-नऊ महिन्यांचं बाळ माझ्यापुढे धरलं. "डॉक्टर, पोट उडतंय ह्याचं." मी पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. शी कशी होते ते विचारलं, केस पेपरवर पोटाची तक्रार म्हणून लिहिलं, औषध दिलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

थोड्या वेळानं औषधाच्या खिडकीपासून आमच्या सिस्टर त्याच बाळाला घेऊन आत आल्या. "डॉक्टर, जरा झबलं वर करून बघा ह्याचं." झबलं वर केलं, तर प्रत्येक श्वासाबरोबर छातीचा खालचा भाग आत ओढला जात होता. घड्याळ समोर ठेवून मोजले, मिनिटाला 64 श्वास. बाळाला न्यूमोनिया झाला होता. आईनं आजार अगदी बरोबर सांगितला होता, आमच्या भागात तो तसाच सांगतात. मला ते शब्द माहीत नव्हते आणि मी हातानं पाहिलं ते कपड्यांवरून. अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन, ऑक्सिजन लावून बाळाला 108 मधून पुढे पाठवलं. ते वाचलं. सिस्टर खिडकीत नसत्या तर काय झालं असतं, हा विचार मला अजूनही सोडत नाही.

तुमच्यापैकी जे आता अशाच केंद्रावर निघाले आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डोंगरी आणि आदिवासी भागात एका केंद्राकडे 20,000 लोकसंख्या धरलेली असते, सपाटीवर 30,000. त्याखाली उपकेंद्रं, तिथं एएनएम म्हणजे नर्सताई, आणि पाड्यापाड्यावर आशाताई. कॉलेजात आपण रोगाचं नाव शोधायला शिकतो. इथे नाव सापडण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: ह्या माणसाला आज पुढे पाठवायचं, इथेच ठेवायचं, की घरी पाठवून परवा परत बोलवायचं? हे ठरवण्याची ताकद हेच इथलं खरं कौशल्य, असं माझं मत झालं आहे. ते मोठ्या यंत्रांवर अवलंबून नाही. घड्याळ, बीपीचं यंत्र, वजनकाटा, काचेची एक कोरडी नळी आणि समोरच्याचं बोलणं यांवर ते उभं आहे.

बोलण्यापासून सुरुवात करा. त्या बाळानंतर मी एक वही केली आणि सिस्टर, आशाताई जे शब्द वापरतात ते त्यात लिहीत गेले. "अंगात कसर आहे" म्हणजे बारीक ताप. तो पंधरा दिवस असेल आणि सोबत खोकला असेल, तर थुंकी तपासायला पाठवायची. "उन्हाळी लागली" म्हणजे लघवीला जळजळ. "वारं गेलं" म्हणजे लकवा, आणि तिथं पहिला प्रश्न "कधीपासून" असाच हवा. "अंगावरून जातंय" म्हटल्यावर पांढरं की लाल ते विचारायचं. गरोदर बाई "डोळ्यांपुढे काजवे चमकतात" म्हणाली, तर हातातलं सगळं बाजूला ठेवून तिचं बीपी घ्यायचं. हे शब्द प्रत्येक तालुक्यात थोडे बदलतात, त्यामुळे माझी वही तुम्हाला जशीच्या तशी उपयोगी पडणार नाही. तुमची तुम्ही करा.

श्वास मोजणं फार साधं वाटतं, म्हणून राहून जातं. मूल रडत नसताना, आईच्या मांडीवर, छाती-पोट उघडं ठेवून, पूर्ण एक मिनिट मोजायचे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. लहान बाळांचा श्वास एकसारखा नसतो, आकडा चुकतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 60 किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त असतील, तर ते वेगात आहेत. गर्दीच्या ओपीडीत एक मिनिट मोठं वाटतं. तरी ते द्या.

बीपीचंही तसंच. चढण चढून आलेल्या बाईला बसताक्षणीच पट्टा बांधला की आकडा वरच दिसणार. पाच मिनिटं टेकून बसू द्या, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. जाड दंडाला मोठा पट्टा लागतो, तो केंद्रात नसेल तर मागवून घ्या. दोनदा मोजल्याशिवाय आयुष्यभराची गोळी सुरू करू नका.

आमच्या भागात पावसाच्या तोंडावर आणि भातकापणीच्या दिवसांत विंचू आणि सापाच्या केसेस येतात. ह्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पुढे न्यायला वेळ नसतो आणि करायचं ते तुमच्याच हातात असतं. कोकणातल्या लाल विंचवाचं विष हृदयावर चढतं. नुसतं दुखत असेल तर घाबरायचं कारण नाही. पण हातपाय गार, अंगाला दरदरून घाम, उलटी, असं दिसलं की वाट बघायची नाही, प्राझोसिन, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, तोंडानं द्यायचं आणि पेशंटजवळ बसायचं. हा उपचार रुळला तो महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्यामुळे. त्यांनी त्याच भागात, साध्या साधनांवर, विंचू चावलेल्या माणसांच्या शेजारी बसून नाडी, बीपी, घाम, श्वास यांची तासातासाची नोंद ठेवली, आणि त्यातून त्यांना मृत्यू कसा येतो ते दिसलं. प्राझोसिन आल्यावर हे मृत्यू फार कमी झाले. मी रात्री पेशंटजवळ बसून कागदावर आकडे लिहिते तेव्हा मला त्यांची आठवण येते. केंद्रातलं काम म्हणजे दुय्यम डॉक्टरी, असं कुणी म्हणालं तर मला मनापासून वाईट वाटतं.

सापाच्या बाबतीत कोणता साप होता ह्या चर्चेत वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर एकच प्रतिविष आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्या, 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवा, मग एकदाच तिरकी करा. रक्त गोठलं नसेल तर विष चढलं आहे. पापण्या जड होणं, गिळता न येणं हीदेखील तीच खूण, मग नळीची वाट बघू नका. सुरुवातीला प्रतिविषाच्या 10 वायल, म्हणजे कुप्या, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण उतरवायचं ते सापाचं विष, त्याला मुलाचं वजन ठाऊक नसतं. अ‍ॅड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून शेजारी हवंच, प्रतिविषाची रिअ‍ॅक्शन आली तर लागतं. पहिला डोस न देता गाडीत घालू नका. आणि मांत्रिकाकडे जाऊन आलेल्या घरच्यांवर रागावू नका. तिथे किती वाजेपर्यंत होतात, काही बांधलं होतं का, कापलं का, हे शांतपणे विचारा. रागावलात तर वेळ खोटी सांगतात, आणि तुम्हाला तर वेळच हवी असते.

पुढे पाठवायच्या चिठ्ठीवर मी फार भर देते. एकदा मी पाठवलेल्या बाळंतिणीला पुढच्या दवाखान्यात मी दिलेलंच इंजेक्शन परत दिलं गेलं, कारण मी वेळ लिहिली नव्हती आणि तिथं कुणी विचारलंही नाही. तेव्हापासून चिठ्ठीवर तीन गोष्टी ठळक लिहिते: आले तेव्हा कसे होते, मी काय दिलं आणि किती वाजता, मला कशाची भीती वाटते. गरोदर बाईचं बीपी 160/110 च्या वर आणि डोकं ठणकत असेल, तर झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम, इथेच देऊन मग गाडी. आणि गाडी निघाली की पुढच्या डॉक्टरांना फोन. चिठ्ठी हरवते, फोन लक्षात राहतो.

"सुई मारा, सलाईन लावा" हे रोज ऐकाल. सुरुवातीला मी अँटिबायोटिकवर व्याख्यान द्यायचे, त्याचा काही उपयोग झाला नाही. माणूस दोन तास चालून आलेला असतो, त्याला आपल्याकडे कुणी नीट पाहिलं असं वाटायला हवं असतं. स्टेथोस्कोप पाठीवर ठेवा, जीभ पाहा, पोटाला हात लावा, काय झालंय ते त्याच्या भाषेत सांगा, कोणती खूण दिसली तर परत यायचं ते सांगा. एवढं केल्यावर सुईचा हट्ट बराचसा सुटतो. सगळ्यांचा नाही.

बायकांशी एकटीनं बोलायची सोय करा. सासूबाई सोबत असतील तर त्यांना औषधाच्या खिडकीकडे पाठवा, "तोवर मी हिचं वजन बघते" म्हणून. पाळी, मार, नको असलेला गर्भ, हे सगळं त्या पाच मिनिटांत बाहेर येतं. ते गावात जाता कामा नये, शिपायापर्यंतही नाही. मात्र मुलगी अठराच्या आतली आणि गरोदर असेल, तर पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. ते तिला आणि तिच्या आईला आधी समजावून सांगा, पाठीमागून करू नका.

रजिस्टरं, बैठका, ऑनलाइन नोंदी, शवविच्छेदन हे सगळं करावं लागतंच, आणि महिन्याभरात हाताला वळण लागतं. त्याबद्दल वेगळं काही सांगण्यासारखं नाही.

परत बोलवण्याचं मात्र सांगते. "परवा या" म्हणून भागत नाही. आमच्याकडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. पहिल्या वर्षी माझे बीपीचे निम्मे पेशंट डिसेंबरात दिसेनासे झाले, आणि मी त्यांना निष्काळजी समजले. आशाताईंनी सांगितलं, "ते इथं नाहीतच, डॉक्टर." पुढच्या वर्षी दिवाळीआधीच पाड्यावर गेले. जमतील तेवढ्या गोळ्या हातात दिल्या, आणि एका कागदावर गोळीचं नाव, मात्रा, मागचे तीन आकडे मोठ्या अक्षरात लिहून तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला.

जूनमध्ये त्यातली एक आजी ओपीडीत आली. पिशवी कमरेच्या ओटीतून काढून टेबलावर ठेवली. कागदावर माझ्या अक्षराखाली भट्टीजवळच्या दुसऱ्या केंद्रातल्या कुण्या डॉक्टरांनी चार वेळा बीपी लिहिलं होतं, तारखेसकट. शेवटचा आकडा 134/82 होता. मी तिला पाच मिनिटं बसायला सांगितलं आणि पट्टा काढला.