भाडेकरू सख्खी बहीण असेल तेव्हा: इंग्लंडमधली तयारीची यादी

"भाडं थकलं तर तुमचा भाऊ काय करेल?" असं सरकारी मदतीच्या कार्यालयातून फोनवर विचारल्यावर माझी धाकटी बहीण सहज म्हणून गेली, "दादा काय करणार? सांभाळून घेईल." तिच्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये, म्हणजे कमी उत्पन्न असणाऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीत, घरभाड्यापोटी जी रक्कम धरायला हवी होती, ती पहिल्या निर्णयात आलीच नाही. विचारणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. भाडं बुडवलं तरी चालतं असं घर नियमाच्या दृष्टीने भाड्याचं नसतंच. स्लाऊमधला माझा दोन बेडरूमचा फ्लॅट तिला आणि भाचीला देताना मी तयारी केली होती, पण उलट्या क्रमाने. आधी किल्ली दिली, मग कागद शोधले. खालचा क्रम दुसऱ्या खेपेला शहाणा होऊन लावलेला आहे.

सगळ्यात आधी तिचा व्हिसा बघा. कार्डावर किंवा ई-व्हिसावर सरकारी मदतीला मनाई असल्याची अट असेल, तर अर्ज करणं म्हणजे व्हिसाची अट मोडणं, आणि त्याचे चटके पुढच्या मुदतवाढीला बसतात. कायमच्या वास्तव्याची परवानगी असेल तर ही अडचण नाही. आई-वडिलांना अवलंबित नातेवाईक म्हणून बोलावलं असेल, तर पाच वर्षं त्यांचा खर्च उचलायची लेखी हमी आपणच दिलेली असते, हे आपण सोयीस्कर विसरतो. स्विंडनमध्ये पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली गोव्याची बरीच मंडळी आहेत. त्यांच्यात सेटल्ड स्टेटस (युरोपीय नागरिकांना मिळालेली कायमच्या वास्तव्याची परवानगी) असलेल्याला वाट मोकळी, पण प्री-सेटल्डवाल्याला (त्याच्या आधीची तात्पुरती परवानगी) इथे राहण्याचा हक्क वेगळा दाखवावा लागतो.

दुसरा प्रश्न गावाकडच्या मालमत्तेचा. १६,००० पौंडांच्या वर भांडवल असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही, आणि त्यात भारतातलं भांडवलही धरतात. बाबांनी कधीकाळी तिच्या नावावर केलेला ठाण्याचा फ्लॅट, पोस्टातल्या ठेवी, बँकेतली एफडी, सगळं आधीच लिहून काढा. "ते तर तिकडचं आहे" हे उत्तर चालत नाही.

मग राहणार कुठे ते ठरवा. मालक जवळचा नातेवाईक असेल आणि त्याच घरात राहत असेल, तर भाड्याची मदत मिळत नाही, करार कितीही पक्का असो. जवळचे म्हणजे आई-वडील, सासू-सासरे, मुलगा-मुलगी, सून-जावई, सावत्र आई-वडील आणि मुलं, भाऊ-बहीण, शिवाय या सगळ्यांचे जोडीदार. काका, मामा आणि चुलत, मावस, आते, मामे भावंडं या यादीत नाहीत. आपल्याकडे मावसभाऊही भाऊच, पण इथल्या कागदावर नातं नेमकं लिहा. मी वेगळ्या घरात राहतो, म्हणून हा अडसर आम्हाला नव्हता.

पेन्शनच्या वयाच्या आई-वडिलांसाठी अजून हाउसिंग बेनिफिट ही घरभाड्याची जुनी मदतच आहे आणि ती काउन्सिल, म्हणजे स्थानिक पालिका, देते. त्यात एक खाच आहे. आईचं घर आपण विकत घ्यायचं आणि तिलाच भाड्याने द्यायचं, असा बेत असेल तर थांबा. मागच्या पाच वर्षांत ती त्याच घराची मालकीण असेल, तर न विकता तिथे राहणं शक्यच नव्हतं हे दाखवावं लागतं. ते दाखवता आलं नाही तर अर्ज फेटाळतात.

आता मुख्य काम: व्यवहार खरा आहे हे दाखवणं. बाजारापेक्षा भाडं थोडं कमी असलं म्हणून व्यवहार खोटा ठरत नाही. मदत जास्त मिळावी म्हणून फुगवलेलं भाडं मात्र लगेच नजरेत येतं. मी त्याच भागातल्या तीन दोन-बेडरूम फ्लॅटच्या जाहिराती छापून फाइलला लावल्या आणि भाडं त्यांच्याच आसपास ठेवलं. सोबत त्या भागाचा लोकल हाउसिंग अलाउन्सचा दर, म्हणजे भाड्यापोटी मिळणाऱ्या मदतीची कमाल मर्यादा, बघा. आई आणि एक मूल असेल तर दोन बेडरूमचा दर लागतो. एकटा, मूल नसलेला, पस्तिशीच्या आतला भाऊ असेल, तर बहुतेक वेळा सामायिक घरातल्या एका खोलीचाच. दराच्या वरचं भाडं भाडेकरूने स्वतःच्या खिशातून भरायचं असतं, तेव्हा ते तिला झेपेल का हे आधी बोलून घ्या.

करार लेखी हवा. पुण्या-मुंबईची अकरा महिन्यांच्या कराराची सवय मात्र इथे सोडा. १ मे २०२६ पासून, म्हणजे नेमकं आपल्या महाराष्ट्र दिनापासून, इंग्लंडमध्ये खाजगी भाडेकरार ठरावीक मुदतीचे राहिलेले नाहीत, आणि कारण न देता घर खाली करून घेण्याची सेक्शन २१ ची नोटीसही गेली. तीन महिन्यांचं भाडं थकलं तर चार आठवड्यांची नोटीस देता येते. फोनवरच्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर हे होतं, आणि ते तिला आधी माहीत असायला हवं होतं. तिला पढवू नका. करारातलं तेवढं कलम दोघांनी चहाबरोबर वाचा, आणि तसं वागायची तयारी खरंच असेल तरच सही करा.

बाकी कागद कोणत्याही भाडेकरूला देतो तेच. वर्षातून एकदा गॅस सेफ (गॅसच्या कामासाठी नोंदणीकृत) कारागिराचं प्रमाणपत्र, दर पाच वर्षांनी वायरिंगची तपासणी, ई किंवा त्याहून चांगलं ऊर्जा प्रमाणपत्र, प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म. डिपॉझिट घेतलं तर जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याएवढं, आणि ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा. राइट टू रेंट, म्हणजे भाडेकरूला इथे घर भाड्याने घ्यायचा हक्क आहे का याची तपासणी; तिच्यासाठी सख्ख्या बहिणीकडे शेअर कोड (व्हिसाची स्थिती ऑनलाइन दाखवणारा आकडा) मागताना मला कसंतरी झालं. तीच हसून म्हणाली, "घे रे दादा, पासपोर्ट पण दाखवू का?"

गृहकर्ज असेल तर बँकेचं पत्र काढून वाचा. अनेक बाय-टू-लेट (भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घराच्या) कर्जांत जवळच्या नातेवाइकाला घर द्यायला सरळ मनाई असते. परवानगी लेखी घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा.

पैसा बँकेतूनच फिरू दे. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, तिच्या खात्यातून माझ्या खात्यात. युनिव्हर्सल क्रेडिटचा पहिला हप्ता यायला साधारण पाच आठवडे लागतात, तेवढ्या भाड्याची सोय आधी करून ठेवा. आणि भाऊबीजेची ओवाळणी भाड्यातून वळती करू नका! मी पहिल्या वर्षी "नोव्हेंबरचं राहू दे" म्हणालो होतो, आणि बँकेच्या उताऱ्यातली तीच मोकळी ओळ आमच्या अंगाशी आली. ओवाळणी ताटात टाका, भाडं वेगळं घ्या. उशीर झाला तर परक्याला पाठवाल तसा ईमेल पाठवा, भले त्याच संध्याकाळी तिच्याकडे जेवायला जाणार असाल.

नकार आलाच तर फेरविचाराची मागणी एका महिन्यात करायची असते. आम्ही सहा महिन्यांचे बँक उतारे, त्या नोव्हेंबरचा खुलासा आणि नंतर भरलेली रक्कम, तीन जाहिराती, डिपॉझिटची पावती आणि मी पाठवलेला एक जरा कडक ईमेल जोडला. घरभाड्याची रक्कम मागच्या तारखेपासून मंजूर झाली.

भाडं हे माझं उत्पन्न, तेव्हा ते कराच्या विवरणात येतं. बाजारापेक्षा बरंच कमी भाडं घेतलंत तर खर्चाची वजावट मिळालेल्या भाड्यापुरतीच मिळते, तोटा दाखवता येत नाही. पुण्याला कायमचं परतायचा विचार असेल तर एनआरएल-१ (परदेशात राहणाऱ्या मालकाला भाडं कर न कापता मिळावं यासाठीचा अर्ज) निघण्याआधीच भरा. नाहीतर आठवड्याला १०० पौंडांच्या वर भाडं थेट परदेशातल्या मालकाला देणाऱ्या भाडेकरूने त्यातून २० टक्के कर कापून एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या कर खात्याकडे, भरायचा असतो, आणि ते लोढणं बहिणीच्या गळ्यात पडतं.