"वेबसायट चलना" म्हणून फोन आला की काय करायचं

सप्टेंबर संपत आला की आपल्या होस्टिंग सपोर्टला गोव्यातल्या होमस्टेवाल्यांचे फोन सुरू होतात, कारण पावसाळाभर कोणी साइट उघडून बघितलेलीच नसते आणि सीझन तोंडावर आलेला असतो. काणकोणहून फोन, "वेबसायट चलना", म्हणजे कोकणीत "चालत नाही", बस्स. यात काहीही असू शकतं, डोमेन (साइटचं नाव) संपलंय, होस्टिंग (साइट ठेवायची जागा) बंद झालंय, मेल येत नाही (हो, मेल अडकला तरी वेबसाइटच बंद म्हणतात), नाहीतर घरातलं नेटच गेलंय.

नवीन पोरं इथे पटकन विचारतात, "नेमसर्व्हर काय आहेत तुमचे?" (म्हणजे डोमेन कुठल्या होस्टिंगकडे जातं ते सांगणारे सर्व्हर). अरे त्यांना कसं माहीत असणार! जे आपल्याला बघता येतं ते गिऱ्हाइकाला विचारायचंच नाही. त्यांना फक्त दिसतं ते विचारा. "काका, स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा, नाहीतर फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाका." त्या फोटोतून अर्धं काम होतं.

दुसरं, मोबाइलचा वायफाय बंद करून डेटावर साइट उघडायला सांगा. डेटावर उघडली आणि घरच्या नेटवर नाही, तर बहुतेक वेळा सर्व्हरच्या फायरवॉलने (राखणदाराने) त्यांचा आयपी, म्हणजे घरच्या नेटचा नंबर, ब्लॉक केलेला असतो. कारण काय, तर मेलचा पासवर्ड बदलला पण कपाटातल्या जुन्या फोनमध्ये किंवा रिसेप्शनच्या आउटलुकमध्ये जुनाच राहिलाय आणि तो बिचारा सारखा लॉगिन करायला बघतोय. नुसता आयपी अनब्लॉक करून फोन ठेवलात तर थोड्या वेळाने परत तेच, आधी तो जुना फोन किंवा आउटलुक शोधायला लावा.

तोवर आपण हूइज (डोमेनची मुदत आणि स्टेटस दाखवणारी नोंद) बघायचं. डोमेन एक्स्पायर असेल तर समजवायला मी म्हापशाच्या बाजारातलं दुकान सांगतो, डोमेन म्हणजे पाटी आणि होस्टिंग म्हणजे गाळा, दोघांचं भाडं वेगळं, कधीकधी घेणाराही वेगळा. हे एकदा डोक्यात बसलं की "मी पैसे भरले होते ना" हा वाद मिटतो, कारण त्यांनी खरंच भरलेले असतात, फक्त गाळ्याचे. डॉट कॉम संपलं म्हणजे लगेच गेलं असं नाही हेही सांगा. रजिस्ट्रार (डोमेन विकणारी कंपनी) बहुतेक काही दिवस नेहमीच्या दरात रिन्यू करू देतात, मग डोमेन डिलीट झालं की 30 दिवस रिडेम्पशन, म्हणजे सोडवून घ्यायची मुदत, त्यात दंड जबरदस्त, त्यानंतर 5 दिवस कोणालाच हात लावता येत नाही आणि मग ते कोणीही घेऊ शकतो. "लवकर करा" म्हणू नका, तारीख सांगा.

डोमेन चालू आहे पण हूइजच्या स्टेटसमध्ये क्लायंट होल्ड (रजिस्ट्रारने थांबवलंय) दिसतंय? मग व्हेरिफिकेशनचा मेल राहिला असेल. डोमेन नवीन घेतलं किंवा मालकाचा ईमेल बदलला की 15 दिवसांत लिंकवर क्लिक करावं लागतं, नाहीतर साइट थांबवतात. तो मेल सगळे स्पॅम समजून उडवतात, आणि त्यांना नाव तरी कसं ठेवणार, दिसतोच तसा.

पांढरी स्क्रीन किंवा 500 (सर्व्हरवरची एरर) आला तर "काय बदललं" विचारून उपयोग नाही, उत्तर "कायच नाही" हेच येणार. असं विचारा, "ताई, काल कोणी फोटो टाकले काय, अपडेटचं बटण दाबलं काय?" मग आठवतं. एरर लॉग (सर्व्हरवरची चुकांची नोंद) आपणच बघा, बॅकअप घ्या आणि ज्या प्लगिनचं (साइटला जोडलेल्या जादा प्रोग्रॅमचं) नाव लॉगमध्ये आहे त्याचंच फोल्डर रिनेम करा, सगळी नकोत, नाहीतर बुकिंगचा फॉर्मही जातो आणि दुसरा फोन येतो. 2019 च्या 5.2 पासून वर्डप्रेस अशा वेळी ॲडमिनला रिकव्हरीची लिंक मेल करतं, पण तो मेल जातो साइट बनवणाऱ्या भाच्याला.

मेल येत नसेल तर आधी मेलबॉक्स भरलाय का बघा, आणि नुकतंच होस्टिंग बदललं असेल तर एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरवर जायचा ती नोंद. नेमसर्व्हर बदलल्यावर 24 ते 48 तास धरायला सांगा, तोवर मालकाला नवी साइट दिसते आणि बुकिंग करणाऱ्या पाहुण्याला जुनी, दोघंही खरं बोलत असतात.

पासवर्ड कधीच मागू नका. न मागता पाठवतातच, मग लगेच बदलायला लावा.

फोन ठेवायच्या आधी एक विचारा, लॉगिन कोणाच्या ईमेलवर आहे? आपल्याकडे उत्तर ठरलेलं, भाच्याच्या, आणि भाचा बोटीवर नोकरीला, ओटीपी त्याच्या नंबरवर. तो सुटीवर आला की आधी ईमेल आणि नंबर मालकाच्या नावावर करून घ्यायला सांगा, आणि ते केल्यावर परत तोच 15 दिवसांवाला मेल येईल, तो उडवू नका हेही आत्ताच सांगून ठेवा.