झिपला पासवर्ड लावून निर्धास्त होताय? या चुका टाळा

'पासवर्ड टाकलाय ना, मग झालं!' हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

झिपला, म्हणजे अनेक फाइलींच्या एका गाठोड्याला, पासवर्ड लावला की फाइलींतला मजकूर बंद होतो, पण त्यांची नावं उघडीच राहतात. एका कंपनीत एचआरने अकाउंट्सला पाठवायची झिप चुकून अख्ख्या विभागाला गेली. पासवर्ड तगडा होता. तो कुणालाच कळला नाही आणि कळायची गरजही पडली नाही. डबल क्लिक केलं की समोर यादी: 'फायनल सेटलमेंट', पुढे एकेकाचं आडनाव. दुपारच्या चहाआधी कुणाकुणाला नारळ मिळणार ते शिपायापासून सगळ्यांना ठाऊक. त्यातल्या एकाला तर ते कॅन्टीनच्या रांगेत समजलं.

म्हणून सेव्हन-झिप या झिप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये '७झेड' फॉरमॅट निवडा आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर टिक करा. तिथे झिप फॉरमॅटला ती सोयच नाही. शिवाय झिप निवडलं की 'झिपक्रिप्टो' हे जुनं कुलूप आपोआप येतं, आणि त्यातली कच्ची बाजू १९९४ सालीच उघड झाली आहे. समोरचा झिपवरच अडून बसला तर एईएस-२५६ हे भक्कम कुलूप निवडा आणि फाइलींना १, २, ३ अशी नावं द्या; मी तेच करतो. एईएसची झिप विंडोजच्या डबल क्लिकने बहुधा उघडत नाही, की लगेच 'तुमची फाइल खराब आहे' म्हणून फोन. खराब काही नसते. सेव्हन-झिप फुकट आहे, टाकून घ्यायला सांगा. तेवढाही धीर नसेल तर पगारपत्रकं हाताळूच नयेत.

दुसरं, पासवर्ड त्याच मेलमध्ये. पाच मिनिटांनी वेगळा मेल केला तरी इनबॉक्स तोच! मी फोनवर सांगतो. ई-आधारची पीडीएफ आहे तशी पुढे ढकलणारेही याच पंगतीतले. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. नाव मेलखाली असतंच. वर्षं शंभर धरली तरी प्रयत्न शंभरच.

एक्सेलचं 'प्रोटेक्ट शीट' म्हणजे एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणं, नव्हे. ते चुकून आकडे बदलू नयेत म्हणून असतं. फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, मग 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' असं जा.

पाठवण्याआधी एकदा स्वतः उघडून बघा. आणि समोरच्याकडे फाइल उघडल्याशिवाय मूळ प्रत पुसू नका. इथे 'फरगॉट पासवर्ड'चं बटण नसतं.